माती चाखणारे वस्ताद

राजारामपुरीत माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक काय मागणार हे मला त्याच्या आवाजावरनं आधीच कळतं. डोकं दुखणारा रस्त्यावरनंच ओरडतो. कंडोम मागणारी पोरंसुद्धा आता लाजत नाहीत, वर दोन-चार प्रकार दाखवा म्हणतात. पण जंताची गोळी पाहिजे असली, की चांगला म्हशीएवढा गडी काउंटरवर ओणवा होतो, मागं-पुढं बघतो आणि पुटपुटतो, "ते पोटातलं... बारक्या पोरासाठी हाय." आणि बारक्या पोराची ती गोळी हा बाबा माझ्याच पायरीवर, माझ्याच बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळून मोकळा होतो.

ही गोळी छाती पुढं काढून मागणारा एकच माणूस मी आयुष्यात बघितला, ते म्हणजे आमचे वस्ताद. मी तेव्हा तालमीत राहून फार्मसी शिकत होतो आणि दुपारनंतर राजारामपुरीतल्याच एका मेडिकलात कामाला होतो. संध्याकाळची गर्दी, क्लासच्या पोरी, रिक्षावाले, आणि त्यात गुलाबी फेटा बांधलेले, अनवाणी वस्ताद दारात उभे. "कंपाउंडर!" ते गरजले. तालमीत माझं हेच नाव होतं. "जंताच्या गोळ्या काढ! सगळ्या तालमीला. मलाबी एक!" गर्दी आपोआप दोन पावलं मागं सरली.

पण तिथवर यायला ह्या माणसाला काय काय गिळावं लागलं, ते सांगायचं तर मातीपासनंच सुरुवात करायला पाहिजे.

आमची तालीम पंचगंगेकडच्या अंगाला. बुटकी, जाड भिंतींची. आत कुस्तीचा लाल मातीचा हौदा, एका कोनाड्यात मारुती, दुसऱ्यात मोहरमला बसणारा पीराचा पंजा. वस्ताद सकाळी उठले की आधी दोन्हीकडं हात जोडायचे, मग हौद्यात उतरायचे, चिमूटभर माती उचलायचे आणि जिभेवर ठेवायचे. हो, जिभेवर. डोळे मिटून, आमटीत मीठ बघावं तसं. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालायची आमची पद्धत. त्याचा हिशोब ह्यांच्या जिभेवर. "ताक कमी पडलंय." "लिंबू कुणी पिळलं रं? पिळलं का नुसतं दाखवलं?" एकदा तर चिमूट चाखून म्हणाले, "कोणतरी रडलंय हितं." मी म्हटलं, "वस्ताद, घाम असंल." तर म्हणाले, "घाम मला कळत न्हाय व्हय? घाम पाठीवरनं येतोय, ही चव डोळ्यातली हाय." आता डोळ्यातली चव वेगळी कशी असते हे मला फार्मसीच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. पण आदल्या दिवशी तिथं खरंच एकजण रडलेला होता. त्याच्याकडं येतोच.

माणसं ते तोंडावरनं ओळखायचेच नाहीत, पायावरनं ओळखायचे. "तोंड काय, कुणीबी रंगवतंय," म्हणायचे. समोर कुणी आलं की यांची नजर खाली. एकदा एक पुढारी देणगी जाहीर करायला आले, पायात चकचकीत बूट. वस्तादांनी वर बघितलंच नाही. "बूट काढून आत या, न्हाय तर भाषाण फाटकातनंच होऊ दे." त्या गृहस्थानं फाटकातनंच भाषण केलं. देणगी काही आली नाही. वस्ताद म्हणाले, "बरं झालं. बुटासकट आली असती."

चप्पल फाटकाच्या आत आणायची नाही, हा तालमीतला पहिला नियम. त्यांच्या वस्तादांनी त्यांना सांगितलेला, त्यांनी आम्हाला. दुसरा नियम, साबण बंद. "साबण लावलेला पैलवान म्हंजे ओला बोंबील. हातात येतोय व्हय?" मग परसाकडला जाऊन आल्यावर हात कशानं धुवायचे? तर हौद्यातल्या मातीनं. "ह्या मातीनं जखमा भरत्यात, तुमचं हात काय घेऊन बसलाय!" आम्ही पोरं भक्तिभावानं लाल माती हाताला चोळायचो, तांब्याभर पाणी ओतायचो, आणि त्याच हातानं बदाम सोलायला बसायचो. घरात आईनं असं केलं असतं तर मी जेवलो नसतो. पण वस्तादांपुढं अक्कल पाजळायची कुणाची छाती होती?

वस्तादांचा जीव अडकला होता अस्लममध्ये. कुरुंदवाडचं पोरगं, बाप भाजीचा व्यापारी, त्या बापाला सगळे बागवानच म्हणायचे. अस्लमच्या पायाकडं बघूनच वस्तादांनी त्याला ठेवून घेतलं होतं. "असला पंजा मी माझ्या वस्तादांचाच बघितलाय," म्हणाले. पोरगं गुणी, डाव एकदा दाखवला की दुसऱ्यांदा दाखवायला लागायचा नाही. आणि खाणं! दूध, तूप, मटण, थंडाई, जे समोर येईल ते साफ. पण खाल्लेलं जायचं कुठं कुणास ठाऊक. थोड्या बैठका मारल्या की कपाळ धरून बसायचं. जिना चढला तर धाप. ओठ पांढरे, नखं पांढरी. वस्ताद त्याच्या डोळ्याखालची कातडी ओढून बघायचे आणि म्हणायचे, "आरं पैलवानाच्या अंगात तांबडा रस्सा फिरायला पायजे. तुझ्या अंगात पांढराच फिरतोय की रं!"

आधी त्यांना वाटलं पोरीचा नाद आहे. तीन दिवस फेटा काढून, मफलर गुंडाळून त्यांनी अस्लमचा पाठलाग केला. अनवाणी म्हातारा मफलर गुंडाळून मागनं येतोय, हे अख्ख्या पेठेला दिसत होतं, फक्त वस्तादांना वाटायचं आपण दिसत नाही. शेवटी अस्लमच थांबला आणि म्हणाला, "वस्ताद, दमला असशीला, च्या घ्या." तिथं नादाचा विषय संपला. मग त्यांनी त्याचा मोबाईल मागून घेतला. त्यात आईचे निरोप निघाले: जेवलास का, झोपलास का, आंग भरलं का.

त्या वर्षीच्या उरुसात अस्लमची कुस्ती लागली, कुरुंदवाडजवळच, गावच्या लोकांसमोर. सलामी झाली, हात मिळाले, आणि समोरच्या जोडीदारानं नीट धरायच्या आधीच आमचा गडी हौद्यात खाली बसला. छातीत धडधडतंय म्हणाला. लोकं हसली. कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्याचं तूप कोण खातंय?" दुसऱ्या दिवशी बागवान तालमीत आला, फाटकात चप्पल काढली, आणि हात जोडूनच म्हणाला, "वस्ताद, तुमच्यावर राग न्हाय. पण फुडच्या उरुसाला हे पोरगं जिंकलं न्हाय तर मी घेऊन जाणार. ह्याचा मामा इचलकरंजीत कापडाच्या मागावर हाय, त्याच्या हाताखाली घालतो. मागावर निदान बसून काम हाय." मागावर बसून काम असतं असं ज्याला वाटतं त्यानं माग बघितलेला नसतो. पण बापाचं तरी काय चुकलं? अस्लम त्या दिवशी हौद्यात पालथा पडून होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांना माती खारट लागली.

मीच म्हटलं, आमच्या मेडिकलच्या वर एक डॉक्टरीनबाई आहेत, दाखवून तरी येऊ. वस्ताद तयार झाले, एका अटीवर: पोराला एकटं सोडणार नाही. बाई बोलायला फटकळ, पण हाताला गुण होता. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि एक डबी हातात दिली. डबीत काय आणायचं ते कळल्यावर अस्लम कानापर्यंत लाल झाला. अंगात रक्त कमी असूनही एवढं कुठनं आलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी डबी घेऊन जायला तो काही केल्या तयार होईना. "पैलवानाला जंत म्हणत्याल लोक!" मग वस्तादांनीच ती डबी कागदात गुंडाळली, फेटा बांधला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या ओळखीच्या गृहस्थानं विचारलं, "काय वस्ताद, पेढं का?"

"व्हय," वस्ताद म्हणाले, "एक घेतोस?"

मी खिडकीबाहेर तोंड काढून हसलो, ते थेट राजारामपुरी येईपर्यंत.

तपासणीत जंतांची अंडी निघाली. रक्त इतकं कमी, की बाईंनी कागद दोनदा वाचला. जंताची गोळी, मग लोहाच्या गोळ्या. आणि काय सांगू, पोरगं पालवलं! ओठांना रंग आला, बैठका वाढल्या. वस्ताद आल्या-गेल्याला सांगायचे, "खटका सापडलाय!" पण पाऊस सुरू झाला, नदीचं पाणी चढलं, उतरलं, आणि गणपती उठायच्या आधीच अस्लमचे ओठ परत पांढरे. परत कपाळ धरून बसणं. वस्तादांनी कातडी ओढून बघितली आणि हात तसाच धरून राहिले.

परत डॉक्टरीनबाईंकडं. ह्या खेपेला त्या खवळल्या. "गोळीनं आतले जंत मरतात. वाट उघडी ठेवली तर नवे येणारच. पायात काय घालतोस रे तू?"

अस्लमच्या आधी वस्तादच अभिमानानं म्हणाले, "आमच्यात कोण कायबी घालत न्हाय. फाटकात चप्पल काढायची, मग आत यायचं."

"आणि संडास कुठं आहे?"

"आतच की. मागच्या अंगाला."

"म्हणजे संडासात अनवाणी?"

"मग काय तालमीत चप्पल घालून हिंडायचं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "संडास नीट आहे का?"

वस्ताद माझ्याकडं बघायला लागले. आता खोटं काय सांगणार? मीच बोलून टाकलं. नदी उतरल्यापासनं टाकी तुंबलेली, घाण पाणी भोवतीच्या जमिनीत मुरलेलं. निम्मी पोरं मागच्या उसातच जायची. आणि तिथनं सगळी परत हौद्यात.

"पाय धुऊन!" वस्ताद मध्येच म्हणाले.

"हात कशानं धुता? साबणानं?"

आम्ही तिघांनीही हात पाठीमागं नेले. मग बाईंनी समजावून सांगितलं, एखाद्या हट्टी नातवाला सांगावं तसं. ह्या जंताची अंडी माणसाच्या घाणीतनं ओल्या मातीत पडतात. तिथं अळ्या होतात. त्या अनवाणी तळपायातनं आत शिरतात, रक्तातनं फुप्फुसात, तिथनं घशात, गिळल्या की आतड्यात. तिथं दात रोवून रक्त पीत बसतात. दुसरी जात आहे ती हातातनं, न धुतलेल्या भाजीतनं, मातीतनं तोंडावाटे जाते.

"बाई," वस्ताद म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी एवढा बारीक कधी ऐकला नव्हता, "माती आई हाय. आई पोराला खाती व्हय?"

"आई नाही खात. पण आईच्या अंगावर घाण तुम्हीच टाकलीत." बाई क्षणभर थांबल्या. "आणि तुम्ही रोज माती चाखता म्हणे?"

हे त्यांना कुणी सांगितलं असेल हे वस्तादांनी ओळखलं. मी पंख्याकडं बघायला लागलो. वस्ताद उठले, फेटा सारखा केला आणि निघाले. राजारामपुरीपासनं तालमीपर्यंत चालत आले, आमच्या दहा पावलं पुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे लांग कसून उभे. वस्ताद हौद्यात उतरले, चिमूट उचलली, तोंडापर्यंत नेली आणि थांबले. हात तसाच. मग ती चिमूट त्यांनी हळूच परत खाली ठेवली, कुणाचा तरी दागिना ठेवावा तशी, आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले. त्या दिवशी आमच्या मातीत ताक किती होतं कुणालाच कळलं नाही. मला फार वाईट वाटलं. कीव करून घ्यावी असा तो माणूस नव्हता, आणि मला कीव येत होती.

आठवडाभर हे असंच. आम्ही आपसात म्हणायचो, म्हातारा आता सुधारत नाही. मग एका दुपारी हौद्यात लढत चालली होती. एका पोरानं खाली वाकून अस्लमचा पाय उचलला आणि त्याला आडवा केला. पट काढणं म्हणतात ह्या डावाला. वस्ताद कट्ट्यावरनं ओरडले, "आरं गाढवा, पाय दिलासच कसा? पट काढणाऱ्याला पाय द्यायचा—" आणि तोंड उघडंच राहिलं.

"कंपाउंडर, हिकडं ये." मी गेलो. "ते बाई म्हणत्यात ते जंत. ते पयलं काय धरतंय?"

"पाय."

"आणि मग वर सरकतंय?"

"फुप्फुस, घसा, मग पोट."

"आणि आत गेल्यावर?"

"दात रोवतंय. पकड सोडत न्हाय."

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. डोळ्यात अशी चमक, की मला वाटलं आता त्या जंताला फेटा बांधतात. "आयला! पट काढतंय की रं लेकाचं! ना तालीम, ना खुराक, ना वस्ताद, आणि माझ्या असल्या गड्याला चीत करतंय!" मग एकदम मावळले. "पट काढणाऱ्याला पाय द्यायचा न्हाय, हे माझ्या वस्तादांनी मला पयल्या दिवशी शिकवलं. आणि मी सगळ्या पोरांचं पाय न्हेऊन त्याच्या हातात दिलं." आणि पोटावर हात ठेवून म्हणाले, "म्हंजे माझ्या पोटात तर अख्खी तालीमच भरली असंल."

त्याच संध्याकाळी ते अनवाणी मेडिकलच्या दारात येऊन ओरडले, ते मी वर सांगितलं. बाईंनी सगळ्यांनाच घ्यायला सांगितलं होतं. गोळी तोंडात टाकायच्या आधी वस्तादांनी तिला सलामी दिली. नंतर दोन दिवस मला विचारत होते, "किती पडलं असतील रं?"

पुढचे दिवस तालमीत जे चाललं, ते बघायला लोकं यायची. वस्तादांनी जाहीर केलं, जोर-बैठका बंद, आता खड्डा. पैलवानांनी संडासामागं शोषखड्डा हाणला, तुंबलेली टाकी उपसवून घेतली, फुटलेला नळ बदलला. कुणी कंटाळला की वस्ताद म्हणायचे, "खोरं मारताना कंबर खाली घे, ढाकेचा डाव मारायला सोपं जाईल." हौद्यातली सगळी माती बाहेर काढून ताडपत्रीवर कडक उन्हात पसरली. नवरात्राच्या उन्हात वस्ताद हातात काठी घेऊन मातीजवळ राखणीला बसायचे, पापड वाळत घातल्यागत. कुत्रं आलं की "हाड!" आणि माणूस आलं तरी "हाड!"

हे सगळं पोरांनी केलं. पण संडासाला जाताना पायात स्लीपर घाला म्हटल्यावर एकपण तयार होईना. मारुतीच्या नजरेसमोर चप्पल? जुने सभासद फाटकात येऊन बसले. "वस्ताद, तुमच्या वस्तादांनी काय सांगितलंतं? ह्या फाटकाच्या आत चप्पल आली की तालीम संपली." पोरं घाबरली. आणि सगळ्यात जास्त घाबरला अस्लम. "वस्ताद," तो म्हणाला, "माझ्यामुळं तालीम बाटली म्हणत्याल. त्यापरीस मी मागावर जातो." वस्तादांनी नुसतं त्याच्या पायाकडं बघितलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा मांडतो. पाटावर गदा, व्यायामाला फिरवायची लाकडी करेल आणि जोडी, हौदा उकरायचं खोरं, सगळं धुऊन-पुसून, हळद-कुंकू, झेंडूची फुलं. जुने सभासद धुतलेल्या धोतरात हजर. वस्ताद आतनं आले. हातात पिशवी. पिशवीतनं त्यांनी रबरी स्लीपरांचे जोड काढले, निळे, करकरीत नवे, आणि गदेच्या शेजारी ओळीनं मांडले. त्यांच्या टोकाला लाल साबणाची वडी ठेवली. आणि सगळ्यांवर हळद-कुंकू वाहायला लागले.

"वस्ताद!" एक म्हातारा ताडकन उभा राहिला. "चप्पल? मारुतीफुडं?"

"हे खोरं," वस्ताद मान न वळवता म्हणाले, "काल संडासाच्या खड्ड्यात हुतं. त्याला कुकू लावलं तवा गप बसलासा."

"ते हत्यार हाय."

"मग हेबी हत्यारच हाय. तुमी दिवाळीला केरसुणीला लक्ष्मी म्हणता न्हवं? ती काय खीर ढवळती व्हय?" आता ते वळले. "माझ्या वस्तादांनी सांगितलं, आत चप्पल आणू नका, माती घाण हुईल. त्यांच्या वक्ताला संडास नदीकडं हुता, फाटकाच्या भाईर. आपुन संडास आत आणला आणि नियम तिथंच ठेवला. आता चप्पल फकस्त संडासाच्या दारात. तिथंच घालायची, तिथंच काढायची. हौद्याला तिचं वारंबी लागायचं न्हाय. आणि पाप लागलं तर मला लागू दे. मी तसाबी लई माती खाल्ल्या."

मग अस्लम पुढं झाला, ओळीतला एक जोड उचलला, कपाळाला लावला आणि संडासाच्या दारात नेऊन ठेवला. त्याच्या मागनं बाकीची पोरं. वस्ताद जाऊन आता दोन-तीन पावसाळे झाले, पण खंडेनवमीला आमच्या तालमीत अजून गदेशेजारी स्लीपर आणि साबण मांडतात, आणि नवीन पोरगं हसलं तर त्याला त्या दिवशी खड्डा उपसायला लावतात.

खुद्द वस्तादांच्या पायात मात्र कुठलीच स्लीपर जाईना. उभा जन्म अनवाणी गेलेला, पंजा खोऱ्यासारखा रुंद. दोन जोडांचे अंगठे तुटल्यावर चांभारानं त्यांना टायरची चप्पल करून दिली. ती घालून ते बदकासारखे चालायचे. आणि सकाळी संडासाच्या दारात नाकाबंदी. "पायात?" "हाय." "येताना हातात?" "साबण." "जा." एखादा घाईचा गडी तळमळत उभा असायचा, तरी प्रश्न दोन्ही विचारल्याशिवाय सुटका नाही.

उरूस आला. बागवान मैदानात आला तो टेम्पो घेऊनच. भाजीच्या टेम्पोत अस्लमचा मामा बसलेला, इचलकरंजीहून खास आलेला. कुस्ती हरली की अस्लमची ट्रंक आणि गादी टाकून तसंच पुढं जायचं, असा बेत. अस्लमचा जोडीदारही जड, दोन वर्षं मोठा. मी वस्तादांना म्हटलं, "जोड भारी हाय, वस्ताद." ते अस्लमच्या पायाकडं बघत होते. म्हणाले, "हूं."

सलामी झाली. आणि अस्लम बसला नाही. त्यानं जोडीदाराचा पट अडवला, उलट त्याच्याच मानेवर बसला, सुटला, परत भिडला. हलगी तापली. मागच्या वर्षी हसलेली लोकं उभी राहिली. दोघांच्या अंगावर मातीचा लेप, दोघंही धापा टाकतायत. धाप टाकतोय पण उभा आहे, हे बघून मी बोंबलत सुटलो. मग जोडीदाराचं कोपर लागलं आणि अस्लमचं नाक फुटलं. तरी थांबला नाही. शेवटी जोडीदारानं ढाक मारली आणि अस्लमची पाठ मातीला लागली. पंचानं हात दाखवला. संपलं.

अस्लम उताणा, नाकातनं रक्त चाललेलं, नजर टेम्पोकडं. तेवढ्यात वस्ताद हौद्यात उडी टाकून आले. वाटलं, ह्याला उचलणार, डोळे पुसणार. कसलं काय! त्यांनी खांद्यावरच्या पांढऱ्या टॉवेलानं त्याचं नाक पुसलं, टॉवेल उन्हात धरून बघितला, आणि पोराला तिथंच टाकून ओरडत बागवानाकडं पळत सुटले.

"बागवान! बघा! तांबडा हाय! पांढरा कुठं दिसतोय का बघा!"

बागवान खिन्नपणे म्हणाला, "हारलं की वो, वस्ताद."

"हारू दे की! हारायलाबी अंगात रगत लागतंय, पावणं. मागल्या वर्षी ह्याला हारायबी आलं न्हवतं, नुसतं बसलंतं."

बागवानानं टॉवेल हातात घेतला. उलटा-सुलटा करून बघितला. अस्लम तोवर आमच्याकडं आला होता, मान खाली घालून. बापानं त्याच्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली, वस्ताद बघायचे अगदी तशीच. मग टेम्पोकडं वळून मामाला म्हणाला, "तू जा आगे. छोरा इधरीच रहेंगा."

टेम्पो मोकळाच इचलकरंजीला गेला. तो वळणाआड जाईपर्यंत अस्लम बघत होता. मग गड्यानं नळाकडं जाऊन हात-तोंड धुतलं, साबण लावून, आणि येऊन आमच्यात जेवायला बसला. त्याच्या ताटात मटण वाढताना बागवान म्हणाला, "वस्ताद, फुडच्या खेपंला ह्याला जिंकायलाबी शिकवा की जरा."

"शिकवतो की," वस्ताद म्हणाले. "आदी पोटभर खाऊ दे त्याला. आता खातोय ते त्याचं त्यालाच मिळतंय."